फियाट म्हणा, पद्मिनी म्हणा

पालघर, १४ जून १९७६

चि. हंसा हिला अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिताना हात अडखळला. तू तेरा वर्षांची, मी सव्वीस. एवढ्या अंतरात मोठी बहीण बसते, आई बसत नाही. पण पत्राची सुरुवात कशाने तरी करायला हवी.

शाळा सुरू झाली. तुझ्या मैत्रिणी दारावरून जाताना आत डोकावतात आणि मला बघून पुढे सटकतात. महादूमामा म्हणाले, तुला वैतरण्यालाच शाळेत घातलं. तुझे बाबा सकाळी टॅक्सी धुतात, स्टेशनच्या स्टँडवर लावतात, बोईसर-तारापूरची भाडी मारतात आणि संध्याकाळी येऊन विचारतात, "टपाल आलं काय?"

मांडवात काय झालं ते तू पाहिलंस. मला काय दिसलं तेही ऐक. नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव काढायचं, ही आपली रीत. आदल्या दिवशी माझी आई चिडवत होती, "आता तुजी सुनंदा व्हनार नायतर मंदाकिनी." मीही मनात दोन-तीन नावं चाखून बघितली होती. मग तुझ्या बाबांचा हात फिरला आणि ताटात 'चंद्रकांता' उमटलं. मी सातवी शिकलेली, तरी वाटलं की आपण चुकीचं वाचतोय. तुझ्या आईचं नाव. तिला जाऊन तीन वर्षं झालेली. बायका कुजबुजायला लागल्या. तू पुढे आलीस, तळहाताने तांदूळ सपाट केलेस आणि मामांचा हात धरून मांडवाबाहेर पडलीस. तुझ्या बाबांनी तुझ्या पाठीकडे पाहिलं आणि तेच नाव परत काढलं.

तेव्हाच मी उठायला हवं होतं असं तुला वाटत असेल. मलाही वाटतं. पण हळद लागलेल्या बाईने मांडवातून उठून कुठे जायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, "हेच नाव का?" तर म्हणाले, "चांगलं नाव हाय. वाया कशाला घालवायचं?" जसं काही तांब्या-भांड्यावरचं नाव.

मी ते मागून घेतलेलं नाही, एवढं सांगायला हे पत्र. बोईसरच्या कारखान्यात मी पॅकिंगला जाते, तिथे हजेरीला मी नलूच आहे. तुझ्यापाशीही नलूच राहीन. तुझी पेटी, तुझी गोधडी जागच्या जागी आहे. ये.

नलू


पालघर, दिवाळीचा पाडवा, १९७६

चि. हंसा,

तू आली नाहीस. करंज्या महादूमामांबरोबर पाठवल्या होत्या, डबा परत आला तो रिकामा आणि घासलेला. कोणी खाल्ल्या ते मी विचारलं नाही.

आपली नवी गाडी आली. तुझ्या आईने अन् बाबांनी मिळून जिचा नंबर लावला होता, तीच. तेव्हा नंबर लावला फियाटचा. इतक्या वर्षांनी हातात आली ती पद्मिनी. इटलीच्या कंपनीबरोबरचा करार संपला, म्हणून फियाट हे नाव लावायची सोय राहिली नाही, मधे थोडे दिवस प्रेसिडेंट म्हणत होते आणि आता पद्मिनी, असं बाबांच्या गाडीने तारापूरला जाणाऱ्या एका साहेबांनी समजावलं. गाडी तीच आहे म्हणाले, नुसतं बारसं दुसऱ्यांदा झालंय.

कोणीही पेढे वाटले असते. तुझे बाबा मात्र डिकीवरचं नाव बघत उभे राहिले. मग घरात गेले आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. जुनी गाडी विकताना तिच्यावरची 'फियाट'ची पाटी त्यांनी उचकटून ठेवली होती. दुसरा माणूस कोऱ्या गाडीवर धूळ बसू देत नाही. ह्यांनी त्याच दिवशी ड्रिलने भोकं पाडून पद्मिनीची अक्षरं काढली आणि फियाट ठोकली. शेजारची रखमाबाई मला म्हणाली, "तुजा नवरा पाट्या बदलायचा धंदा करतो काय ग?" मी हसले. पण तिला दोन्ही म्हणायचं होतं, गाडी आणि मी.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चंद्रकांता, तयार व्हय. डहाणूला जायाचं." महालक्ष्मीला गेलो. खण, नारळ, सगळं त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. मी ओटी भरली. तर म्हणतात, "देवीला नाव सांग. मोठ्यानं." मी सांगितलं, चंद्रकांता कृष्णकांत. "आनि कशातून आली ते सांग." सांगितलं, नव्या फियाटमधून. पुजारी माझ्याकडे बघायला लागला. परतताना तुझे बाबा गाडी चालवत गुणगुणत होते. लग्नानंतर मी त्यांना एवढं मोकळं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही काही विचारलं नाही.

घरी आल्यावर तुझ्या आईच्या पाटल्या काढून म्हणाले, घाल. बोटांच्या पेरांवर अडकल्या. साबण लावून पाहिला, हात लाल झाला, पाटल्या काही जाईनात. तुझ्या पेटीत ठेवल्यात. त्या तुझ्याच आहेत.

नलू


पालघर, १८ फेब्रुवारी १९७९

चि. हंसा,

यंदा मॅट्रिक ना तुझी? अभ्यास कर. माझ्या पत्राला उत्तर द्यायला वेळ नाही हे मी समजून घेतलंय, दोन वर्षं तेच समजून घेतेय. आज मात्र उत्तर हवंय, आणि तेही माझ्यासाठी नको.

स्टँडवर भांडण झालं. नवशा तुला आठवत असेल, मुरब्याचा, बाबांच्या शेजारी ज्याची जुनी फियाट लागते. एका पॅसेंजरने विचारलं, "इसमें नयी गाडी कौन सी?" तर नवशा म्हणाला, "ती. पद्मिनी हाय, नुसती फियाटची पाटी लावून फिरते." झालं. तुझे बाबा पेटले. "इंजिन तेच, दार तेच, गियर तसाच ष्टेअरिंगवर. नाव बदललं म्हनून गाडी बदलती काय?" नवशा म्हणाला, "बदलती. फियाट ती फियाट, पद्मिनी ती पद्मिनी. कंपनीनं वेगळं नाव ठेवलं ते येडी म्हनून?" अर्धा स्टँड इकडे, अर्धा तिकडे. पॅसेंजर बिचारा म्हणत होता, "अरे भैया, चलती तो है ना?"

तुझ्या बाबांनी काय करावं? आपल्याकडे जुन्या फियाटचं काही सामान पडलंय, त्यातलं चाकाचं झाकण धावत जाऊन आणलं आणि सगळ्यांदेखत पद्मिनीला बसवून दाखवलं. बसलं. "बगा! आता बोला." नवशा विडी विझवत म्हणाला, "माजं जोडं तुला बसतात. म्हनून तू नवशा झाला काय?"

स्टँड खदाखदा हसला. तुझे बाबा भाडं सोडून घरी आले आणि जेवले नाहीत. गाडीवरून एवढं काय लावून घ्यायचं ते मला कळेना. मी म्हटलं, "सामान बसण्यावरच असेल तर माझं काय? मला पाटल्या बसल्या नव्हत्या." बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचं तोंड इतकं उतरलं की विचारू नकोस. मग म्हणाले, "हंसाला इचार. जुन्या गाडीत वाढलीय ती. लांबून नुसता आवाज ऐकून बोलायची, बाबा आला. ती सांगल ते खरं."

तर एक ओळ लिही. ही गाडी फियाटच, की वेगळी? महादूमामांच्या दारात बाबा अनेकदा ती घेऊन आलेत, तू बाहेर आली नसलीस तरी आवाज ऐकला असशील. तू 'तीच' म्हणालीस तर माणूस जेवेल, हे माझ्या मनात आहे. पण तू तुला वाटतं तेच लिही.

नलू


पालघर, ११ मार्च १९७९

चि. हंसा,

तुझं कार्ड मिळालं. पहिलंवहिलं. त्यावर दोन शब्द, 'वेगळी आहे'.

मी ते लपवणार होते, पण पोस्टमनने स्टँडवर बाबांच्याच हातात दिलं. मला वाटलं चिडतील. ते घरी आले, पेचकस घेतला, डिकीवरची फियाटची पाटी काढली आणि ओट्यावर बसून राहिले. गाडीला आता नुसती भोकं आहेत, नाव कुठलंच नाही. मी चहा ठेवला. तो निवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला सांगतेय. सांगू नको म्हणालेत, तरी सांगतेय.

तू सात वर्षांची असताना तुला टायफॉइड झाला होता. डॉक्टरांनीही मान हलवली होती. त्याच सुमारास गाडीचा नंबर लावलेला. तुझ्या आईने महालक्ष्मीला नवस बोलला. माझी हंसा उठू दे, मी, चंद्रकांता, नव्या फियाटमधून येऊन माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. तू उठलीस. गाडी येईना. गाडीची वाट बघता बघता तुझी आईच गेली, आणि नवस राहिला तो तुझ्या डोक्यावर. तुला साधा ताप आला तरी हा माणूस देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहायचा, आठवतं तुला?

गाडीचा नंबर लागतोय असं कळलं तेव्हा त्यांनी आपल्या अकलेने मेळ घातला. बायको आणायची आणि तिचं नाव चंद्रकांता ठेवायचं. मग गाडी आली तर तिचंही नाव भलतंच! तिचीही पाटी बदलली. देवीने विचारलंच तर दोन्ही नावं बरोबर.

मी विचारलं, "मग पोरीला तेव्हाच का नाही सांगितलं?" म्हणाले, "नवस फिटल्याबिगर बोलायचा नसतो. आनि फिटला असं बोलायला माजी जीब वळत नाय."

हंसा, मला आधी राग आला. आजवर वाटायचं, तुझ्या आईवरच्या मायेपोटी हे नाव माझ्या गळ्यात पडलं. ते निदान प्रेम होतं, माझं नसलं तरी. कळलं काय, तर देवीच्या डोळ्यांत धूळ फेकायला आणलेली मी एक पाटी. मी भांडी आपटली. बोलू नये ते बोलले. म्हटलं, "देवी काय आरटीओ आहे, नाव-नंबर तपासायला? पोर जगली, वाढली, मॅट्रिकला बसली. तिला काही व्हायचं असतं तर तुमच्या पाटीने थांबलं असतं?" ते म्हणाले, "तिनंच लिवलंय, वेगळी हाय. म्हंजे नवस फिटला नाय." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मग माझा राग कुठे राहतो? ज्या पोरीसाठी एवढा खटाटोप केला, ती त्याच खटाटोपापायी घर सोडून गेली.

यावर माझ्या बुद्धीला सुचलेला तोडगा सांगते. तू ये आणि बाबांबरोबर डहाणूला जाऊन ओटी भर. आईचा नवस लेकीने फेडला तर कुठली देवी नाही म्हणेल? गाडीला काय म्हणायचं ते तुम्ही दोघं रस्त्यात ठरवा. मी बरोबर येणार नाही, त्याची काळजी नको.

मला ते अजून चंद्रकांताच म्हणतात. गाडीची पाटी पेचकसाने निघाली.

नलू


पालघर, २९ मे १९८५

चि. सौ. हंसा,

तुझ्या लग्नाचं बोलावणं मामांनी तोंडी दिलं, "एकट्या कृष्णकांतला". आम्ही दोघं आलो होतो. मी मांडवात पाऊल टाकलं नाही, विचार कुणालाही. रस्त्याकडेच्या चिंचेखाली गाडीत बसून होते. एका बाईने विचारलं, "तुमी कोनाकडच्या?" मी म्हटलं, "डायवरची बायको." खोटं नव्हतं.

माझ्या पुढे वऱ्हाडातल्या कोणाची तरी मारुती उभी होती, पांढरी, चिटुकली. पोरं तिच्याभोवती जत्रा भरवून होती. तुझे बाबा आत जाण्याआधी तिला एक फेरी मारून आले. "ही बी जपानची हाय. आपल्याकडं आली आनि देवाचं नाव लावलं," म्हणाले. मी वाट बघत होते की पुढे म्हणतील, नाव बदललं म्हणून गाडी बदलते काय. नाही म्हणाले. पाटी काढल्यापासून तो वाद त्यांनी परत कधी घातला नाही. नवशाने मुद्दाम छेडलं तरी नुसते हसतात. मला ते भांडत होते तेच बरे वाटायचे.

आत काय झालं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. शेवटच्या रांगेत बसले होते म्हणे. ताट आलं, तांदूळ आले, तेव्हा उठून उभे राहिले. तुझ्या नवऱ्याने काय काढलं ते दिसेना, म्हणून पुढच्या माणसाला विचारलं. 'हंसा'च काढलंय म्हणाला. तुझे बाबा तिथूनच माघारी फिरले, जेवायलाही थांबले नाहीत. गाडीत बसले आणि म्हणाले, "तिचं नाव नाय बदललं त्यांनी. चंद्रकांतानं ठेवलेलं तसंच ऱ्हायलं." चावी फिरवली आणि गाडी सुरू केली. नवसाचं सांगितलं तो दिवस सोडला, तर तुझ्या आईबद्दल माझ्यासमोर इतकं सरळ ते त्याआधी कधी बोलले नव्हते. कारण मग मला काय म्हणायचं, हा घोळ व्हायचा.

तू त्यांना पाहिलंस की नाही, माहीत नाही. पाहून न बघितल्यासारखं केलंस, असं त्यांना वाटतं. नवसाचं पत्र तुला मिळालं होतं का? महादूमामा म्हणतात, नलूची पत्रं ती तिकडच्या एका पेटीत ठेवते, उघडते की नाही देव जाणे. त्या कार्डानंतरची न उघडता ठेवली असलीस, तर हे मी कोणाला लिहितेय कोण जाणे. तरी लिहिते. सवय लागली आहे, आणि नलू म्हणून बोलायला मला दुसरी जागाही नाही. कारखाना सुटला आता.

सुखी राहा. डहाणूला दिलंय तुला, महालक्ष्मी तिथून जवळ. कधी गेलीस तर नुसता हात जोड.

नलू


पालघर, ९ जानेवारी १९९२

चि. सौ. हंसा,

हे पत्र पेटीत ठेवू नकोस, आधी वाच.

तुझ्या बाबांना लकवा झाला. गाडी पुसता पुसता खाली बसले ते उठलेच नाहीत. नवशानेच आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. उजवं अंग गेलं आहे. वाचा थोडी परतली, पण डोक्यातलं सगळं मागे-पुढे झालंय. डॉक्टर म्हणतात, घरी न्या, असेपर्यंत आहेत. घरी आणलं. पद्मिनी दारात उभी आहे, चाकं बसलीत. ते खिडकीतून तिच्याकडे बघतात आणि विचारतात, "ही कोनाची गाडी?"

परवा मी पेज भरवत होते. माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाले, "बाय, तू कोनाची ग?" मी म्हटलं, "मी नलू. नवापूरची." "नलू," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, "बरी हायस तू. पेज चांगली करतेस. चंद्रकांता कुटं गेली?"

माझ्या अंगावरचं नाव उतरलं, हंसा. उतरावं म्हणून किती देव पाण्यात घातले होते. आणि ते उतरलं तेव्हा मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मला वाटलं होतं, त्या नावाखाली थोडी तरी मी त्यांना माहीत झाले असेन. रखमाबाई म्हणते, तब्येतीमुळे बोलतात ग तसं. असेल. पण मला उगाचच तुझी आठवण झाली. तू तांदूळ सपाट केलेस तेव्हा तुझ्या आत काय मोडलं असेल, ते मला आजवर नुसतं माहीत होतं. आता कळलं.

"चंद्रकांता कुटं गेली?" हे दिवसभर चाललेलं असतं. एकदा खरं सांगितलं, तर आजच गेली असं समजून ते हंबरडा फोडून रडले. पुन्हा विसरले, पुन्हा विचारलं. ते दुसऱ्यांदा बघायची माझी छाती झाली नाही. म्हणून आता मी सांगते, "चंद्रकांता हंसाला आणायला गेलीय." मग गप्प होतात. मान दाराकडे वळवून पडून राहतात. पायरी वाजली की डावा हात उचलतात. दूधवाला येतो, नवशा येतो, हात खाली पडतो.

तुला मी इतकी पत्रं लिहिली आणि पुन्हा पुन्हा 'ये' म्हटलं. तेव्हा ते माझ्या घरासाठी होतं, मला आई नाही तर निदान माणूस समजावंस म्हणून होतं. आज त्यातलं काही नको. मी नवापूरला माहेरी जाऊन राहते, तू असेपर्यंत दिसणारही नाही. पेज कशी करायची तेवढं रखमाबाईला सांगून ठेवते.

मात्र आधीच एक सांगून ठेवते. तुझ्या लग्नात तू नवऱ्याबरोबर मांडवाबाहेर आलीस, तेव्हा मी गाडीच्या काचेतून तुला पाहिलं होतं. भिंतीवरच्या फोटोतली तुझी आई उठून चालायला लागली असं वाटलं मला. तेच कपाळ, तीच चाल. तू दारात उभी राहशील आणि बाबा तुला बघून म्हणतील, "चंद्रकांता, आलीस?" दुसरं काही म्हणणार नाहीत, मला माहीत आहे.

तुझ्या ओठावर येईल, मी हंसा. तेवढं म्हणू नकोस. ज्या नावापायी तू घर सोडलंस तेच नाव तुला घ्यायला सांगतेय, आणि सांगतेय कोण, तर मी. शिव्या दे मला. पण मी त्या नावाला इतकी वर्षं ओ देत आले, तू एकदाच दे. उंबरा ओलांड, त्यांचा डावा हात धर. मग ते विचारतील, "हंसाला आनलीस काय?" तेव्हा सांग, आणली.

नलू